उकळलेला स्पंज

रुग्णालयातून निवृत्त होताना त्यांना निरोपाची शाल मिळाली आणि एक टोपणनावही बरोबर आलं: उकळीकाका. शस्त्रक्रियेची हत्यारं, कापडं, नळ्या, जे जे माणसाच्या अंगाला लागणार ते ते निर्जंतुक करून देणारी तळघरातली खोली त्यांनी नोकरीभर सांभाळली होती. वाफेच्या यंत्राचं जाड दार लावायचं, काटा चढेपर्यंत त्यावरची नजर हलवायची नाही, आणि गाठोड्यावरच्या पट्टीला पुरेशी वाफ लागल्याचे काळे पट्टे उमटलेले दिसले तरच ते वर पाठवायचं. डॉक्टरांना त्यांचा चेहरा आठवत नसे, पण गाठोडं कुणी बांधलंय ते गाठ बघून कळे. उकळीकाकांना तेवढं पुरेसं होतं. चेहरा लक्षात राहावा असं त्यांना कधी वाटलंच नाही.

अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, ते काकूंना विचारावं. "लग्नाच्या वेळी मला वाफ देऊन घेता आली नाही, याचं यांना अजून वाईट वाटतं," असं त्या आल्यागेल्याला सांगत. उकळीकाका त्यावर कसनुसं हसत आणि पेपरात डोकं घालत.

मागच्या वर्षी घरात सून आली. चष्म्याच्या दुकानात ती भिंगं घासून चौकटीत बसवायचं काम करायची. बोलायची कमी, पण कामाला चोख. तरी ती भांडी घासून पालथी घालून गेली, की उकळीकाका हळूच स्वयंपाकघरात शिरायचे आणि तीच भांडी गरम पाण्याने पुन्हा धुवायचे. मनात वाईट काही नसायचं. हातच तसे वळलेले होते. एक दिवस सून पाणी प्यायला आली आणि दारातच थबकली. पाणी न पिता परत गेली.

त्या संध्याकाळी मुलाने त्यांना गॅलरीत गाठलं. आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं. "बाबा, तिने धुतलेलं भांडं तुम्ही पुन्हा धुता तेव्हा तिला काय ऐकू येतं माहीत आहे? की तू घाणेरडी आहेस. तिच्या हातची कुठलीही गोष्ट परत धुवायची नाही. मला शब्द द्या." उकळीकाकांनी शब्द दिला, आणि पाळलाही. पेल्यावर डाग दिसला तर ते डोळे मिटून पाणी प्यायचे.

सुनेने येताना कपड्यांच्या पेट्यांबरोबर एक छोटी काचेची टाकी आणली होती. लग्नाआधी ती भाड्याच्या खोलीत एकटी राहायची तेव्हापासूनची. तिच्यात निळ्या-लाल रेघांच्या निऑन माशांचा एक थवा होता, आणि तळाशी मिशा फेंदारून वाळू हुंगत फिरणारा एक तपकिरी मासा. त्याला ती 'साहेब' म्हणायची. पाणी कोमट ठेवणारी कांडी एका कोपऱ्यात, आणि दुसऱ्या कोपऱ्यात हवेच्या नळीला लावलेला काळा स्पंज. पाणी त्या स्पंजातून फिरायचं आणि गाळून निघायचं. कामावरून आली की सून चपला काढायच्या आधी टाकीपाशी वाकायची आणि म्हणायची, "काय साहेब, आज काय हुकूम?" घरात ती आपण होऊन, मोकळेपणाने जे बोलायची ते एवढंच. उकळीकाका पेपराआडून ऐकत. आपल्याशी ती असं कधी बोलेल असं त्यांना वाटत नव्हतं. तशी आपली लायकी नाही, हेही त्यांनी मनोमन मान्य केलं होतं.

मग सून आणि मुलगा चार दिवस तिच्या माहेरी गेले. जाताना ती म्हणाली, "बाबा, सकाळी फक्त एक चिमूट खाद्य टाकाल? बाकी काही करू नका. त्यांचं ते बघतात."

पहिल्या सकाळी उकळीकाकांनी चिमूटभर खाद्य टाकलं आणि चष्मा लावून स्पंजाकडे पाहिलं. त्यावर तपकिरी, बुळबुळीत थर बसला होता. हत्यारावर असला थर दिसला असता तर त्यांनी आख्खं गाठोडं परत फिरवलं असतं. या घाणीतून गाळलेलं पाणी ते बिचारे मासे श्वासात घेतायत, या विचाराने त्यांना कसंतरीच झालं. आणि त्याच वेळी एक गोड विचारही शिवून गेला. आपल्याला बोलता येत नाही, पण हे तर येतं. ती येईल तेव्हा टाकी लखलखत असेल. दिलेला शब्द त्यांना आठवला नाही असं नाही. आठवला, आणि त्यांनी त्याची समजूत घातली: शब्द भांड्यांबद्दल होता.

काकू बाजारात गेल्यावर त्यांनी मासे एका बादलीत काढले. पाणी उकळून, निवत ठेवून, हाताला कोमट लागेल असं केलं. वाळू उकळली. आणि स्पंज त्यांनी दुधाच्या पातेल्यात रटरटून उकळला, पिळला, पुन्हा उकळला. पाण्यात तपकिरी काही उरेना तेव्हा त्यांच्या जिवाला थंड वाटलं. पट्टी लावली असती तर तिच्यावर काळे पट्टे नक्की उमटले असते.

परत आल्यावर सून टाकीसमोर उभी राहिली. काच आहे की नाही कळू नये इतकी स्वच्छ दिसत होती. "बाबा, तुम्ही काच पुसलीत?"

"जरा पाणी बदललं," उकळीकाका म्हणाले. ते खोटं नव्हतं. पूर्ण खरं सांगायला त्यांना लाज वाटली, म्हणजे तेव्हा तरी ती कौतुकाची लाज होती.

"छान दिसतंय," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यावर उकळीकाका दोन दिवस तरंगत होते.

मग पाणी दुधाळ झालं. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. एका सकाळी एक निऑन वाळूवर आडवा पडलेला दिसला, रंग उडालेला, धुऊन विटलेल्या दोऱ्यासारखा. सुनेने तो जाळीने उचलला. डोळे पुसले नाहीत, पण नाक दोनदा ओढलं.

जेवताना मुलाने विचारलं, "अगं, पण झालं काय एकदम?"

"माझंच चुकलं. निघायच्या गडबडीत एक चिमूट टाकायच्या ऐवजी दोन टाकल्या. जास्तीचं खाणं सडलं असणार. थोड्या पाण्यात तपासणीचे थेंब टाकून बघितलं तर हिरवं होतंय, म्हणजे विष वाढलंय."

"मग त्यांना वाचवायला काही नाही का?" काकूंनी विचारलं.

"आहे ना आई. तो स्पंज घाण दिसतो ना, त्या घाणीतच सगळा जीव आहे. तिच्यात जंतू राहतात. माशांच्या घाणीचं विष होतं, ते हे जंतू खाऊन टाकतात. ते वाढायला महिने लागतात. माझा स्पंज तर किती जुना. दुकानातल्या मैत्रिणीने टाकी घेतली तेव्हा याचाच अर्धा तुकडा कापून दिला मी तिला, त्यावर तिची टाकी उभी राहिली." तिने पाण्याचा घोट घेतला. "स्पंज आहे तोवर मला भीती नाही. आवरतील ते."

उकळीकाकांच्या तोंडात घास होता. तो खाली उतरेना, बाहेरही काढता येईना. कानाच्या पाळ्या तापल्या. जन्मभर ज्यांना मारलं त्या जंतूंवर ही पोर भरवसा ठेवून बसली होती, आणि ते दुधाच्या पातेल्यात केव्हाच मेले होते.

"काय हो, भाजी तिखट झाली का?" काकूंनी विचारलं.

"नाही, नाही," ते म्हणाले आणि मान आणखी खाली घातली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण समोर मुलगा बसला होता, ज्याला शब्द दिला होता, आणि शेजारी ती, जिला पुन्हा एकदा तेच ऐकू गेलं असतं. उकळीकाकांनी मूग गिळले. उद्या सांगू म्हणाले. दुसऱ्या दिवशी आणखी एक मासा गेला, आणि मग तर सांगणं दुप्पट अवघड झालं.

ती बिचारी रोज थोडं पाणी बदलत होती, खाद्य बंद केलं होतं, कुठलंसं निळं औषध आणून टाकलं होतं. काही लागू पडत नव्हतं, कारण तिला वाटत होतं ते दुखणं नव्हतंच. उकळीकाका खुर्ची वळवून टाकीकडे पाठ करून बसू लागले. तरी हवेच्या नळीची बुडबुड ऐकू यायची. ती नुसत्या, रिकाम्या स्पंजातून चालली आहे हे घरात त्यांनाच माहीत होतं. रुग्णालयात एखादं गाठोडं चुकून कच्चं राहिलं असतं तर ते स्वतः जिने चढून वर धावत गेले असते. इथे मात्र पेपराची घडी घालून परत उलगडत होते. आपण भित्रे आहोत हे त्यांना माहीत होतंच. इतके भित्रे असू, हे माहीत नव्हतं.

एका सकाळी डबा भरताना सून काकूंना म्हणाली, "आई, उरलेले मासे मैत्रिणीला देऊन टाकते. साहेबही वर येऊन धापा टाकतोय. माझ्या हाताला नाही जमत हे."

"अगं, इतकी वर्षं जमलं की."

"तेव्हा मी एकटी होते, नीट लक्ष होतं. आता नाही राहत."

ती गेली. उकळीकाका टाकीसमोर जाऊन उभे राहिले. साहेब पृष्ठभागाशी आला, हवेचा एक घोट घेतला आणि दगडासारखा खाली गेला. उकळीकाकांनी चपला घातल्या.

चष्म्याच्या दुकानात ते मुलाचं लग्न ठरलं तेव्हा एकदाच गेले होते. ती आतल्या टेबलाशी होती. त्यांना पाहून उठली. "बाबा? घरी सगळं ठीक?"

"चष्मा ढिला झालाय," उकळीकाका म्हणाले. बाहेरच्या काउंटरवर मैत्रीण कुणा गिऱ्हाइकाला चौकटी दाखवत होती.

"मग संध्याकाळी घरी केला असता की. द्या इकडे." तिने त्यांच्या कानांवरून चष्मा अलगद काढला आणि बारीक स्क्रूड्रायव्हर उचलला.

चष्म्याशिवाय उकळीकाकांना हातभरापलीकडचं दिसत नसे. तिचा चेहरा नुसता एक उजळ डाग झाला. त्या डागाला डोळे नव्हते, आणि म्हणूनच बहुधा त्यांच्या तोंडून निघालं, "दोन चिमूट खाद्याने काही झालेलं नाही. स्पंज मी उकळला."

डाग हलला नाही.

"तू माहेरी होतीस तेव्हा. वाळूही उकळली. पाणी सगळं बदललं. पहिल्या दिवशी बोललो नाही. नंतर तू जेवताना जंतूंचं सांगितलंस तेव्हा कळलं, तरी बोललो नाही."

स्क्रू फिरवल्याचा आवाज आला. मग थांबला.

"म्हणजे मी औषध टाकत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"रोज."

"हो."

बाहेर गिऱ्हाईक म्हणत होतं, ही चौकट जरा म्हातारी दिसते. मग सुनेने हळू विचारलं, "तुम्हाला तो घाण वाटला?"

उकळीकाकांना वाटलं, आता काहीतरी गोड सांगावं, तुला आनंद व्हावा म्हणून केलं वगैरे. तेही खोटं नव्हतं. पण अर्ध्या खऱ्याने काय केलं ते त्यांनी पाहिलं होतं. "हो," ते म्हणाले. "घाण वाटला."

"भांडी वाटायची तसा."

"हो गं."

तिने चष्मा त्यांच्या हातात दिला. स्वतः घालून दिला नाही. तो त्यांनी लावला तेव्हा ती पाठमोरी होऊन काउंटरकडे गेली होती. मैत्रिणीशी दबक्या आवाजात बोलली आणि परत येऊन म्हणाली, "तिची आई घरी आहे. अर्धा स्पंज कापून देईल. तिच्या टाकीच्याच पाण्यात ठेवून आणायचा. वाटेत सुकू द्यायचा नाही, नळाखाली धरायचा नाही. मला आत्ता सुटता येत नाही. तुम्ही आणाल?"

"आणतो."

"धुवायचा नाही, बाबा."

"नाही धुणार."

त्यांनी तो आणला. पिशवीतल्या गढूळ पाण्यात तपकिरी तुकडा हिंदकळत होता, आणि ते रस्त्याने पिशवी दोन्ही हातांवर धरून चालले होते, पूर्वी गाठोडी न्यायचे तसेच. लोक बाजूला होत होते. पिशवीचं तोंड गळकं होतं. ते पाणी मनगटावरून बाहीत गेलं तरी त्यांनी हात बदलला नाही.

संध्याकाळी सुनेने तो तुकडा जुन्या स्पंजाशेजारी बसवला. "आता वाट बघायची," ती टाकीला म्हणाली. उकळीकाकांकडे तिने पाहिलं नाही.

जेवताना मुलाने विचारलं, "हा नवा तुकडा कशाला?"

"जुना मेला होता. होतं कधी कधी," सून म्हणाली आणि भाजी वाढू लागली.

उकळीकाकांनी मान वर केली. ती त्यांना झाकत होती. दुकानात तिने चार शब्द सुनावले असते तर ते त्यांना चाललं असतं. हे झाकणं मात्र सहन होईना. त्यांनी घास ताटात ठेवला.

"मेला नव्हता," ते मुलाकडे बघून म्हणाले. "मी उकळला. तुला शब्द दिला होता तरी. आणि हिला इतके दिवस स्वतःला दोष देऊ दिला."

मुलाचा हात थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं. ती ताटात बघत होती. शेवटी काकूंनीच विचारलं, "कशात उकळलात?"

"दुधाच्या पातेल्यात."

काकूंनी डोळे मिटले. "तरी म्हटलं, चहाला वास कसला येतोय. आठवडा झाला, मी दूधवाल्याला शिव्या घालतेय."

मुलाला हसू आवरलं नाही. त्याने ते खोकल्यात घालवलं. सून हसली नाही. पण तिच्या ओठाच्या कोपऱ्याला काहीतरी झालं आणि तिने तोंडापुढे पेला धरला.

टाकीतले आणखी दोन निऑन गेले. उरलेल्यांचा रंग हळूहळू परत आला, आणि एका दुपारी साहेब वाळू हुंगताना दिसला. सून उकळीकाकांशी पूर्वीइतकंच बोलायची. त्याहून कमी नाही, याचंच त्यांना ओझं व्हायचं.

एकदा रात्रीची भांडी आवरताना तिने ते दुधाचं पातेलं घासलं आणि पालथं घातलं. उकळीकाका पाणी प्यायला आले होते. पातेल्याच्या कडेला सायीचा एक पांढरा ओरखडा राहिला होता. तो त्यांना दिसला. त्यांनी तो पाहिलेला तिलाही दिसला. ती हात पुसत तिथेच उभी राहिली.

उकळीकाकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, एकमेकांत घट्ट धरले, आणि पाणी न पिताच बाहेर जाऊन टाकीसमोर बसले. या वेळी खुर्ची टाकीकडे तोंड करून होती.