फुली कुठल्या बाजूला

माझे दोन पोरगे, थोरला एस्को आणि धाकटा रेइनो, अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांचा सुतार बाप, म्हणजे माझा नवरा, वारला तेव्हा त्यांनी सगळं असं वाटून घेतलं की सौनातला, म्हणजे वाफेच्या न्हाणीतला, बाकसुद्धा करवतीने मधोमध कापला. त्या अर्ध्या बाकाच्या टोकाला आमचे गलेलठ्ठ पाद्री बसले आणि दुसऱ्या टोकाची बादली छत फोडून थेट सरोवरात पडली. भोक अजून आहे, येऊन बघा.

राउटरच्या, म्हणजे लाकडात खाचा पाडायच्या यंत्राच्या, बिटांची म्हणजे पात्यांची जोडीही तोडली. एक बिट कपाटाच्या दाराच्या पट्ट्यांना काठाने नक्षी आणि खाच पाडतो. दुसरा आडव्या पट्ट्यांची टोकं बरोब्बर त्याच्या उलट कापतो, म्हणजे चौकट गच्च बसते. पहिला रेइनोकडे, दुसरा एस्कोकडे. दोघांकडे अर्धं अर्धं दार.

उन्हाळ्यात रेइनोने चर्चच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांची चौदा दारं करायला घेतली. रविवारपर्यंत लागली नाहीत तर काम मार्क्वेट शहरातल्या दुकानाला जाणार आणि रेइनोच्या वर्कशॉपला कुलूप. तरी भावाकडे जाईना. शेवटी मीच आडव्या पट्ट्या हातगाडीवर घालून रस्त्यापलीकडे एस्कोकडे नेल्या.

"त्या गाढवाला सांग, बाजू कळायला फुल्या केल्यात, बघून काप म्हणावं," रेइनो म्हणाला.

"फुली कळायला मला त्याची शिकवणी नको," एस्को म्हणाला. पण कापून दिल्या. बिटाची उंची तर त्याने इतकी नेमकी लावली की मुंगीलासुद्धा केसाचा फरक सापडला नसता.

शुक्रवारी रेइनो चौकट जुळवायला बसला, तर एकही सांधा मिळेना. नक्षी एकीकडे, टोक भलतीकडे. पट्टी हातात घेऊन तो तडक एस्कोच्या दारात.

"मुद्दाम केलंस. माझं दुकान बुडवायला."

"बापाने शिकवलं तेच केलं. फुली दर्शनी बाजूला, आणि ती बाजू टेबलावर उपडी."

"फुली मागच्या बाजूला करतात, डुकरा."

अकरा वर्षांनी भाऊ बोलले ते हे.

मला हसू आवरेना. एस्को शिकला तेव्हा बाप फुली दर्शनी बाजूलाच करायचा. मग एका दारावर वार्निशखाली फुली तशीच राहिली, गिऱ्हाईकाने ते दार बापाच्या पायावर आणून टाकलं. त्या दिवसापासून फुली मागे. रेइनो शिकला त्यानंतर. थोरल्याला सांगायचं मात्र राहून गेलं.

हे सांगितलं तशी दोघांची तोंडं आंबट झाली. लाकूड फक्त एका खेपेपुरतं उरलं होतं. शनिवारी दोन्ही बिट एका टेबलावर आले. दिवसभरात शब्द म्हणाल तर एकच, "सरक." दारं संध्याकाळी लागली. सांध्यात नख शिरत नव्हतं.

रविवारी मी नवऱ्याच्या थडग्यावर फुलं ठेवायला गेले. दगडाच्या दर्शनी बाजूला पेन्सिलीची ठळक फुली. वाकून मागे बघितलं, तर तिथेही एक.

बोलत अजून नाहीत.