शेवटी कोण वापरणार?

"नीतावहिनी, फोन नंतर बघा हो. पारी वाळेल," चैत्राली म्हणाली.

पारी नीताच्या तळहातावर होती. सारण भरून झालं होतं, कळ्या अर्ध्याच पाडल्या होत्या. ओट्यावरच्या फोनवर मालवाहतूक कंपनीतल्या जेसनचा मेसेज होता. परमिट मिळालं, थँक यू मिस नीता, माल चांगी विमानतळाकडे निघाला, आज रात्रीच्या विमानाने जाईल.

कुठलं परमिट? तिने तर आज कशालाच हात लावला नव्हता. निशिकांतने, म्हणजे चैत्रालीच्या नवऱ्याने आणि नीताच्या साहेबाने, दुपारीच तिला सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या ऑफिसातून आपल्या घरी पिटाळलं होतं. "वहिनी, कामं होतच राहतील. बाप्पाला मोदक तुमच्याच हातचे लागतात!" दर गणपतीला हे असंच असायचं. तिचा नवरा विवेक वुडलँड्सहून परस्पर यायचा, आरती व्हायची आणि जमलेली मंडळी नीताच्या मोदकांचं कौतुक करायची.

निशिकांतची कंपनी पंप, व्हॉल्व्ह, गेज असलं सामान परदेशी पाठवायची. निर्यातीचं परमिट काढण्याआधी नीताने एकच विचारायचं, हे शेवटी कोण वापरणार? सिंगापूरने अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केली आहे. ती पाळायची म्हणजे बॉम्बसाठी युरेनियम तयार करायला लागेल असं काही इथून निसटू द्यायचं नाही. हा प्रश्न विचारून विचारून ती सगळ्यांची नावडती झाली होती. गेल्या आठवड्यात तिने प्रेशर गेजची एक ऑर्डर अडवली. युरेनियमच्या वायूलाही दाद न देणारी ती गेज, आणि घेणारा म्हणे दूधभुकटीचा कारखानदार! कारखाना कुठे आहे विचारलं, तर सगळी टोलवाटोलवी.

हातातली पारी परातीत ठेवून ती तशीच हॉलमध्ये आली. निशिकांत निरांजनात वाती घालत होता.

"त्या गेजचं परमिट कोणी काढलं?"

"तुमच्याच लॉगिनवरून काढलं," तो हलक्या आवाजात, हसत म्हणाला. "तुमच्या आई आजारी होत्या तेव्हा पुण्याहून पासवर्ड तुम्हीच दिला होतात की. बदलला नाहीत कधी."

नव्हताच बदलला. घरच्या माणसापुढे कुलूप कशाला, असं तिला वाटलं होतं. नीताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोदकांचं निमित्त करून या माणसाने तिला ऑफिसातून बाहेर काढलं होतं, आणि इकडे ती त्याच्याच देवासाठी उकड मळत होती.

"माझ्या नावाने? लाज नाही वाटली?"

"हळू बोला. ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत ते उशाशी घेऊन झोपलेत, त्यांना कोण विचारतंय? आपल्या भारताने तरी कुठे सही केलीय? नकाशावरच्या या ठिपक्याने केली काय, न केली काय!"

"आपल्या? मग नऊ ऑगस्टला, इथल्या राष्ट्रीय दिनाला, लाल टी-शर्ट घालून छातीवर मूठ ठेवता, ती कुठल्या देशासाठी? एवढासा देश आहे म्हणूनच सही पाळायची. त्याचा शब्द गेला तर उरलं काय? आणि तो बॉम्ब काय ठिपका बघून बाजूला पडणार आहे?"

पाहुण्यांच्या गप्पा थांबल्या. विवेक लगबगीने जवळ आला. "नीता, अगं लोक जमलेत. आरती होऊ दे, मग शांतपणे बोलू."

"विमान आरतीसाठी थांबत नाही."

निशिकांतचं हसू मावळलं. "फोन केलात तर पहिली चौकशी तुमची होईल. परमिटवर नाव तुमचं आहे. मी नव्हेच म्हणून सांगाल, पण विश्वास कोण ठेवणार?"

"ते मला कळतं," नीता म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

पीठ लागलेल्या अंगठ्यानेच तिने कस्टम्सला फोन लावला. बाहेर झांजा सुरू झाल्या. तिला कोणी हाक मारली नाही. सगळ्या आवाजांत विवेकचा आवाज तिला वेगळा ओळखू आला, आणि निशिकांतपेक्षा त्याचाच राग तिला जास्त आला.

"राजवाडे. नीता राजवाडे." तिने एकेक अक्षर सावकाश सांगितलं. "येस, माय नेम इज ऑन इट. नो, आय डिडन्ट डू इट. प्लीज, स्टॉप द कार्गो."

पलीकडच्या बाईने थांबायला सांगितलं. बऱ्याच वेळाने ती परत आली. माल रोखला होता. उद्या सकाळी नीताने पासपोर्ट घेऊन हजर व्हायचं होतं, आणि तोवर देश सोडायचा नव्हता.

चैत्राली दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. परातीतला अर्ध्या कळ्यांचा मोदक तिने मोडून, सारण काढून उकडीत मिसळला, ड्रॉवर उघडून प्लॅस्टिकचा साचा काढला आणि उरलेले मोदक भराभर दाबायला घेतले.

नीता सिंकपाशी गेली. बोटांवर वाळलेली उकड नखाने खरवडून काढत राहिली. बाहेर आरती संपत आली होती.