ब्लूबेरीचा पफर

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही चार वर्षांचे आहात आणि तुमच्या छातीत एक मांजर राहतं.

बहुतेक वेळ ते झोपलेलं असतं. तेव्हा तुम्ही बर्फात लोळता, घसरगुंडीवरून पालथे खाली येता आणि आत कोणी राहतंय हे कोणाला कळतही नाही. पण थंडी वाढली किंवा तुम्ही खूप हसलात, की ते जागं होऊन घुरघुरायला लागतं. श्वास आत जाताना अडखळतो आणि बाहेर येताना शिट्टी वाजवतो. अशा वेळी काय हवं असतं सांगा बरं? औषध तर हवंच. पण त्याच्याही आधी तुमच्याकडे बघून न घाबरणारं एक माणूस हवं असतं.

चार वर्षांच्या ओडेटला असं माणूस मिळालं होतं. तिचं नाव टाईना.

आमच्या सडबरीत, या खाणींच्या गावात, चर्चच्या मागच्या खोल्यांमध्ये एक पाळणाघर आहे. शाळेतली नोकरी संपल्यापासून मी तिथे गोष्टी सांगायला जाते. मुलं मला मेमेर म्हणतात. इथल्या फ्रेंच घरांत आजीला तेच म्हणतात. टाईना तिथली ताई, म्हणजे मुलांची ‘मिस टाईना’. उंच, फिनिश आजोळची, केस कायम सुटलेले आणि खांद्यावर कायम कोणाचा तरी शेंबूड. हिवाळ्यात मुलांना बाहेर न्यायचं म्हणजे प्रत्येकाला जाड विजार, बूट, टोपी, हातमोजे चढवायचे. शेवटच्याचे बूट घालून होतात तोवर पहिल्याला शू लागते. टाईना तेव्हाही हसायची. म्हणायची, “चला, पुन्हा पहिल्यापासून! कांदा सोलायचाय!”

ओडेटच्या औषधाला आमच्याकडे सगळेच पफर म्हणतात. निळी छोटी डबी, तिला एक नळी लावायची, नळीचं तोंड ओठांशी धरायचं, डबी दाबायची आणि फुसकन आलेलं औषध आत ओढायचं. ओडेटचा पफर एका लाल पिशवीत असायचा आणि पिशवी कपड्यांच्या खोलीत उंच खुंटीवर. त्या पिशवीला मुलांनी हात लावायचा नाही हा नियम. ओडेटने तो कधी मोडला नव्हता.

दुपारी मुलं गाद्यांवर आडवी झाली की टाईना ओडेटच्या छातीवर हात ठेवायची.

“काय गं, आज मांजर झोपलंय का जागं?”

“झोपलंय.”

“खोटं बोलतेस. मला ऐकू येतंय.”

मग ती पिशवी काढायची, डबी खडखड हलवायची, नळी ओडेटच्या ओठांशी धरायची आणि दर वेळी तेच म्हणायची, “हळू. मी आहे.” ओडेट श्वास ओढायची. मांजर घटकाभरात गप्प व्हायचं.

त्यानंतर टाईनाची सुट्टी असायची. दुसरी ताई आत यायची आणि टाईना कोट चढवून रस्त्यापलीकडे लावलेल्या आपल्या जुन्या गाडीत जाऊन बसायची. पाळणाघराच्या आवारात धूर काढायला बंदी आहे, म्हणून पलीकडे. ओडेटची गादी खिडकीखाली होती. मिस टाईना परत आल्याशिवाय तिला झोप लागत नसे, म्हणून ती गुडघ्यांवर उभी राहून काचेतून बघत बसायची. तिला दिसायचं ते असं: मिस टाईना खिशातून एक छोटी निळी वस्तू काढते, ओठांशी धरते, श्वास आत ओढते. मग गाडीच्या काचेआड मोठा पांढरा ढग.

आता तुम्ही ओडेटच्या जागी असता, तर तुम्हाला काय वाटलं असतं?

त्यानंतर काय झालं ते ओडेटच्या आईने, मिरेयने, मला सांगितलं. ती संध्याकाळी गाजरं चिरत होती. ओडेट टेबलाखाली बसून बुटांच्या नाड्या गुंतवत होती.

“ममा, मिस टाईनाच्या छातीत पण मांजर आहे.”

“हो का गं?”

“हो. तिचा पण पफर आहे. ती गाडीत जाऊन घेते. त्यातून एवढा मोठ्ठा ढग येतो! आणि परत आली की तिला ब्लूबेरीचा वास येतो.”

मिरेयची सुरी थांबली.

“माझा कडू का गं? मला पण ब्लूबेरीचा आण ना.”

मिरेय वाईट बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. ओडेट दिवस भरण्याआधी जन्मली होती. तिचा दुसरा हिवाळा इस्पितळात गेला, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावून. पट्ट्याचे वळ त्या एवढ्याशा गालांवरून जायला किती दिवस लागले, ते मिरेय विसरलेली नाही. तिने सासूबाईंना घरात अत्तर लावू दिलं नाही. भावाला सिगारेट ओढून आल्यावर शर्ट बदलल्याशिवाय पोरीला घेऊ दिलं नाही. आणि इथे जिच्या खांद्यावर तिची लेक रोज दुपारी नाक खुपसून झोपत होती, तिच्या स्वेटरला तो वास होता.

दुसऱ्या दिवशी ती बोलली. तिचं ऐकून दुसरी आई बोलली, मग तिसरी. पाळणाघर चालवणाऱ्या वांडाबाईंनी सगळ्या आईबापांना संध्याकाळी बोलावलं. मीही गेले. मोठ्या खुर्च्या नव्हत्याच. सगळे मुलांच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीशी घेऊन बसले होते. तसं बसून भांडणं फार अवघड असतं, तरी भांडले.

खाणीत काम करणारा एक बाप म्हणाला, “अहो, आपल्या गावात फुफ्फुसांची गोष्ट कोण काढतंय! खाणीची चिमणी डोळ्यांपुढे आहे, ती नाही दिसत कोणाला? पोरगी स्वतःच्या सुट्टीत, स्वतःच्या गाडीत बसते. तिथेही आपण पहारा ठेवायचा?”

“गाडी तिची, पण हात तेच ना?” मागून एक बाई म्हणाली. “त्याच हातांनी माझ्या बाळाला भरवते.”

“हात धुते ती,” खाणीतला बाप म्हणाला.

“आणि तोंड? आणि स्वेटर?”

“मग तुम्हीच या की नाकं पुसायला! एवढ्या पगारात कोण टिकतंय ते बघू.”

कोणीतरी हसलं. वांडाबाई हसल्या नाहीत. “टाईना,” त्या म्हणाल्या, “तू बोल गं.”

टाईना दाराशी उभी होती. कान लाल झाले होते. “सिगारेट सोडायला घेतलं होतं ते व्हेप,” ती म्हणाली. “सिगारेट सुटली. हे नाही सुटलं. मुलांसमोर मी कधीच ओढलं नाही. आत आले की कोट काढून ठेवते, हात धुते, तोंड धुते. मला वाटलं, एवढं पुरे आहे.”

“माझ्या लेकीने खिडकीतून बघितलंय,” मिरेय म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “रोज बघते ती. तिला काय वाटतं माहितीये तुला? तो पफर आहे. तिला वाटतं, तू औषध घेतेस. काल माझ्याकडे मागत होती, ब्लूबेरीचा आण म्हणून.”

खाणीतला बाप खाली बघायला लागला.

टाईनाने तोंडावर हात ठेवला. मग खिशातून ती निळी वस्तू काढली, दाराजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि म्हणाली, “मी नाही ओढणार आता. शपथ.”

मिरेयने मान हलवली. “मला शपथ नको. परवापर्यंत तूही म्हणाली असतीस की मुलांना काही कळत नाही. मला ओडेटला दुसरीकडे हलवता येत नाही. गावात जागाच नाहीत, तुम्हालाही माहितीये. म्हणून मी मागतेय. वांडाबाई, टाईनाला नुसतं दुसऱ्या खोलीत नको, दुसऱ्या शाखेत पाठवा.”

आणखी तीन-चार हात वर झाले. वांडाबाईंनी ते हात बघितले, टाईनाकडे बघितलं आणि डोळ्यांवरून चष्मा काढला. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची आणखी एक शाखा आहे. सोमवारपासून टाईना तिकडे जाणार असं ठरलं.

बाहेर अंगणात मिरेयने माझा दंड धरला. “मी चुकले का, मेमेर?”

“आईने करायचं तेच केलंस तू.”

“मग मला असं का होतंय?”

मी तिची टोपी नीट केली.

शुक्रवारी मी गोष्ट सांगायला गेले, तर ओडेट गोष्टीला बसेना. माझ्या खुर्चीशी येऊन उभी राहिली.

“मेमेर, मिस टाईना का जाते?”

“तिकडच्या मुलांना ती हवी आहे.”

“मला पण हवी आहे.”

“हो गं राणी.”

ती थोडा वेळ माझ्या बाहीचं बटण फिरवत राहिली. “ममा बाबांना म्हणाली, तिने पफर फेकून दिला.”

“ओडेट, तो पफर नव्हता. ते औषध नसतं. तो एक प्रकारचा धूर असतो आणि त्याने छाती बिघडते.”

“मग ती का घ्यायची?”

“तिला त्याची सवय लागली होती. त्याच्याशिवाय तिला करमायचं नाही.”

“मला पण नाही करमत, माझ्या पफरशिवाय.” तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू आता मीच शाळेत कच्ची राहिले आहे. “आणि फेकून दिला, तर तिला श्वास कसा येणार?”

मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. औषध म्हणजे काय आणि व्यसन म्हणजे काय, हे मोठ्या वर्गाला फळ्यावर चित्रं काढून समजावलंय. पण चार वर्षांच्या मुलीने एक वस्तू जवळून पाहिली होती, दुसरी काचेतून, आणि दोन्ही तशाच निळ्या, तशाच ओठांशी धरायच्या होत्या. मी पुन्हा सुरुवात केली, सावकाश, सोप्या शब्दांत. तिने सगळं ऐकून घेतलं. पण तिला ते पटलं नाही, हे मला तिच्या भुवयांवरून कळत होतं.

संध्याकाळी आईबाप यायला लागले. कपड्यांच्या खोलीत नेहमीची धांदल: एका पायात बूट, दुसरा पाय ओल्या मोज्यात, कोणाचा तरी हातमोजा हरवलेला. टाईना खाली बसून एकेकाच्या जाकिटाची चेन लावत होती. हसतही होती. “कांदा झाला तयार! पुढचा कांदा!” मुलं एकेक करून निघून गेली.

शेवटी ओडेटच उरली. मिरेय दारात उभी होती, गाडीची किल्ली हातात घेऊन. आत यावं की नाही, हे तिला कळत नव्हतं. ती आली नाही.

टाईनाने ओडेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, टोपी कानांवरून खाली घेतली आणि मग तिच्याने पुढे काही होईना. तिने ओडेटचे दोन्ही हातमोजे आपल्या हातांत धरले आणि रडायला लागली. आवाज होऊ नये म्हणून तिने ओठ दाबले, तेव्हा हुंदके आत अडकले आणि श्वास घशात अडखळून बाहेर येताना बारीक शिट्टी वाजायला लागली. असं खूप रडलं की सगळ्यांचंच होतं. तुमचंही झालं असेल.

ओडेटने दातांनी आपला उजवा हातमोजा ओढून काढला. उघडा तळवा टाईनाच्या स्वेटरवर, छातीच्या मधोमध ठेवला आणि मान तिरकी करून ऐकलं.

“जागं आहे,” ती म्हणाली.

“नाही गं,” टाईना म्हणाली, “मला काही नाही झालं...”

“खोटं बोलतेस. मला ऐकू येतंय.”

मग ती बर्फात घालायच्या जाड कपड्यांत डुलत डुलत बाकापाशी गेली आणि पोटावर सरपटत बाकावर चढली. बुटांसकट उभी राहून, टाचा उंचावून तिने खुंटीवरची लाल पिशवी काढली. मी उठले नाही. दारातून मिरेयने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

ओडेट खाली उतरली. निळी डबी काढली, नळी लावली, कानाशी धरून खडखड हलवली. टाईना जमिनीवर बसली होती, म्हणून दोघींची तोंडं आज एका उंचीवर होती. ओडेटने नळीचं तोंड टाईनाच्या ओठांशी धरलं, दुसऱ्या हाताने तिच्या गालावरची ओली बट मागे सारली आणि म्हणाली, “हळू. मी आहे.”