चिकटरावांनी दिलेला थर

कोऱ्या काचेवर पेशी थांबत नाहीत. एकदा धुतलं की वाहून जातात आणि मायक्रोस्कोपखाली आपण नुसती काच बघत बसतो. म्हणून काचेला आधी प्रथिनाचा पातळ थर द्यायचा. तो डोळ्यांना दिसत नाही. आमच्या प्रयोगशाळेत हे काम चिकटरावांचं. नाव आम्हीच ठेवलंय, आणि त्यांना ते माहीत आहे.

मागच्या खेपेस पेशी धुऊन गेल्या तेव्हा सरांनी चिकटरावांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. त्यांनी पुढच्या काचांना गुपचूप दुप्पट प्रथिन घातलं. बोलणी खाल्लेला माणूस असाच वागतो, आणि सांगत तर मुळीच नाही.

नेमकं त्याच काचांवर एका मुलीचं रक्त आलं. एवढीशी पोर, पण अंगावरची एक जखम भरेल तर शपथ. डॉक्टरांना संशय होता की तिच्या पांढऱ्या पेशी जागच्या हलत नाहीत, त्यामुळे जंतूंपर्यंत पोचतच नाहीत. तसं असेल तर धाकट्या बहिणीच्या हाडातली मज्जा, जिथं ह्या पेशी तयार होतात ती, काढून हिला द्यायची. जिवावरचं काम. ते करायचं की नाही, हे मायक्रोस्कोपखाली पेशींची हालचाल टिपणाऱ्या आमच्या फिल्मवर ठरणार होतं.

मी फिल्म घेतली. पेशी ढिम्म.

"झालं, कळवून टाका," सर म्हणाले.

"थांबा, तुलनेसाठी निरोगी माणसाची बघायचीय अजून," मी म्हटलं.

निरोगी माणूस म्हणजे आमचे हे. मी विसरलेला डबा पोचवायला येतात आणि रक्त देऊन परत जातात. त्यांच्याही पेशी हलेनात.

"ह्यात नवल ते काय," मी म्हटलं, "सोफ्यावरून तरी कुठे उठतात?"

कोणी हसलं नाही. मग मलाही हसू येईना. ह्यांना कापलं, खरचटलं तर बघता बघता खपली धरते. म्हणजे खोट रक्तात नव्हती, काचेत होती.

चिकटराव टेबल पुसत होते. टेबल स्वच्छच होतं.

"प्रथिन किती घातलंत?" मी विचारलं.

"धुऊन तर नाही ना गेल्या?"

"चिकटराव!"

"दुप्पट," ते म्हणाले.

इतक्या चिकट थरावर धडधाकट पेशीचाही पाय उचलत नाही.

सर म्हणाले, "मुलीच्या हलल्या नाहीत, डॉक्टरांना तेवढंच हवंय. तुमच्या ह्यांची फिल्म बाजूला ठेवा."

माझं डोकंच फिरलं. "आणि आपल्या चिकट काचेपायी धाकटीला टेबलावर झोपवायचं? काहीतरीच काय, सर!"

सरांनी फोन माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "मग तिच्या आईला फोन तुम्हीच करा."

ह्या पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाहीत. पुन्हा रक्त घेणं आलंच.

"परत टोचणार?" आई म्हणाली. "अहो, तिची शीर सापडत नाही. किंचाळते पोर."

"चूक आमची झाली, ताई."

"मग ह्या वेळी माझ्यासमोर करा."

लेकीचं रक्त देऊन आई आली आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसली. चिकटरावांनी पातळ थराच्या काचा आणून ठेवल्या आणि भिंतीला टेकून उभे राहिले. आधी ह्यांच्या पेशी लावल्या. एकीनं पाय पुढे काढला, मागचं अंग ओढून घेतलं, पुन्हा पाय काढला. बघता बघता सगळ्या चालायला लागल्या.

"ह्या तुमच्या मिस्टरांच्या?"

"हो."

"छान चालतात."

मग तिच्या लेकीच्या लावल्या. तसाच थर, तशीच काच. चला गं बायांनो, मी मनात म्हणत होते, एकदा तरी हला. एवढं भांडून पुन्हा तपासलं, तर ह्यातून काहीतरी वेगळं निघावं, असं मला वाटत होतं. पेशी बसल्या होत्या तिथेच बसून राहिल्या. मी फिल्म संपेपर्यंत वाट बघितली, मग अजून थोडी.

"नाही चालत, ताई," मी म्हटलं. आणि मला सरळ रडूच आलं.

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. नंतर स्टूल पुढे ओढलं.

"परत लावा."

"ताई, कितीदा लावलं तरी हिच्या—"

"हिच्या नाही, तुमच्या ह्यांच्या लावा. बऱ्या पेशी कशा चालतात ते मला नीट बघून घेऊ दे. धाकटीचं मिळाल्यावर हिच्या चालायला लागतील, तेव्हा मला ओळखता यायला हव्यात."