विद्यापीठाच्या विहिरीचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनी विहीर आहे, पण माझा पत्ता मात्र विद्यापीठाचा आहे. लातूरहून नांदेडकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून जे मोठं आवार दिसतं, त्यात मुलींच्या वसतिगृहामागं, दोन कडुलिंबांच्या मधे मी बसले आहे. माझ्याकडं पदवी एकही नाही. तरी माझ्यावर जेवढे प्रबंध लिहिले गेले, तेवढे इथल्या एकाही प्राध्यापकावर कुणी लिहिले नसतील.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. वीरण्णा नावाच्या तरुण शेतकऱ्यानं आपल्या कोरड्या रानात मला खणायला घेतलं. काळा दगड फोडता फोडता त्याच्या हाताची सालटं निघाली. लोक त्याला वेड्यात काढू लागले. शेवटी तळाच्या एका कपारीतून बोटाएवढी धार आली आणि वीरण्णा तिथंच बसून हमसून हमसून रडला. ती धार मी अजून जपून ठेवली आहे.

पुढं लातूर नवा जिल्हा झाला. उस्मानाबादला हेलपाटे मारून चपला झिजवणारी माणसं खूष झाली. नव्या कचेऱ्या आल्या, नवे साहेब आले. मग लोकांना वाटू लागलं, जिल्हा मिळाला, आता पोरांना शिकायला औरंगाबादेला तरी का पाठवायचं? ती मागणी पुरी व्हायला बराच काळ गेला. विद्यापीठ मंजूर झालं तेव्हा जागेसाठी माणसं वीरण्णाकडं आली. त्यानं रान दिलं आणि एकच अट घातली. "जमीन घ्या, पर माझी हीर बुजवू नका."

अट पाळली गेली, उलट जरा जास्तच पाळली गेली. सुरुवातीला वर्ग पत्र्याच्या शेडमधे भरत. देगलूर, धर्माबाद, हिमायतनगरकडची मुलं येत. कुणी घरी तेलुगू बोलणारं, कुणी कन्नड, कुणी दखनी. बहुतेकांच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेलं कुणी नव्हतं. त्यांना शिकवायला भूशास्त्र विभागात उदगीरचे निजामोद्दीन सर होते. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या भागातली जमीन कोणत्या वर्षी किती पाणी धरते हे कळायचं असेल, तर एक तरी विहीर अशी हवी की जिचं पाणी कुणी उपसत नाही. झालं! माझ्यावर लोखंडी जाळी बसली, जाळीला कुलूप लागलं आणि फलक लागला: 'संशोधन सुरू आहे. पाणी काढू नये.' चावी सरांच्या खिशात.

दर गुरुवारी विद्यार्थी येत. पोलादी फितीच्या टोकाला खडू फासून ती जाळीतून माझ्या पोटात सोडत. खडू जिथवर भिजला, तिथवर पाणी, असा तो साधा हिशोब; आकडा विभागाच्या वहीत नोंदला जाई. येळवशीला, म्हणजे रान पुजून रानातच जेवायच्या वेळ अमावस्येला, वीरण्णा ताकातली आंबिल आणि हिरव्या दाण्यांची भज्जी घेऊन यायचा. रान दिलं तरी रीत सोडली नव्हती. विभागातल्या सगळ्यांना पंगतीला बसवायचा. एका वर्षी त्यानं कुणाच्या नकळत जाळीतून मलाही भरपूर आंबिल पाजली. मग काय विचारता! पाण्याचा नमुना तपासताना विभाग आठवडाभर डोकं खाजवत बसला. खरं कळल्यावर सर पोट धरून हसले, आणि पुढच्या येळवशीपासून नमुना आदल्या दिवशी घेऊ लागले. वीरण्णाला मात्र त्यांनी चकार शब्दानं अडवलं नाही. माझं विद्यापीठ हे असं आहे.

फीत सोडणाऱ्यांत मला सगळ्यांत आवडायची ती देगलूरची रत्नम्मा. तिचा हात इतका हलका, की पाण्यावर तरंगसुद्धा उठायचा नाही. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत ती घरी गेली. सुट्टी संपली, गुरुवार येत राहिले, रत्नम्मा आली नाही. पुढं दोन वर्षांनी तशाच चालीची एक मुलगी फीत घेऊन आली. ती तिची धाकटी बहीण, शिवकांता.

मग तो उन्हाळा आला, ज्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. विद्यापीठाच्या कूपनलिका आटल्या, टँकर येईनासे झाले. परीक्षा पुढं ढकलून वसतिगृह रिकामं करायचं ठरलं. माझ्या पोटात पाणी होतं. मुली रिकाम्या बादल्या घेऊन माझ्यापाशी येत, फलक वाचत आणि मुकाट्यानं परत जात. त्यातली एकही कुलपाला हात लावत नव्हती, कारण त्यांच्यातल्या कितीतरी जणींचे गुरुवार त्या नोंदीत होते. मला तर तळापासून वर उसळून यावंसं वाटे, पण विहिरीला तेवढं कुठं जमतं?

गुरुवारी शिवकांता आली. तिनं फीत सोडली, आकडा सांगितला आणि तिथंच उभी राहिली. सरांनी काय झालं म्हणून विचारलं.

"सर, उद्या आम्हाला घरी जा म्हणून राहिले. माझी अक्का अशीच सुट्टीला गेली होती. तिचं लगीन लावून दिलं, ती परत आली न्हाई. मी गेले तर मलाबी येऊ देणार न्हाईत."

सरांनी वाकून जाळीतून माझ्या पाण्याकडं पाहिलं. त्यांच्या तरुणपणापासूनची न तुटलेली नोंद होती ती. परदेशातले लोकही पत्रानं तिची चौकशी करत. मग त्यांनी खिशातून चावी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"उघड बेटा. पंप मी आणतो. तू फक्त रोज फीत सोडत जा."

कुलूप गंजलं होतं, तेल घालून उघडावं लागलं. वीरण्णाच्या त्या धारेवर सगळं वसतिगृह निभावलं. पाणी शिस्तीनं निघायचं, आणि मी किती खाली गेले, किती वेळात भरले, हे मुली आळीपाळीनं मोजायच्या. जुनी नोंद तुटली ती तुटलीच. पण विहिरीतून रोज किती काढलं तर ती आटत नाही, हे त्या मोजणीतून कळलं, आणि विद्यापीठानं ते गावोगाव जाऊन सांगितलं. परीक्षा वेळेवर झाल्या. एकही मुलगी मधेच घरी गेली नाही. मला माझ्या विद्यापीठाचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

आज शिवकांता त्याच विभागात शिकवते. फलकही बदलला आहे: 'पाणी काढावे. किती काढले ते विभागात सांगावे.' मागच्या येळवशीला वीरण्णाच्या नातवानं आंबिल आणली, तेव्हा शिवकांतासोबत एक बाई आल्या होत्या. केसांत थोडी चांदी, हातात प्रवेशाची नवी पावती. त्यांनी खडू फासला आणि फीत आत सोडली. पाण्यावर तरंग उठला नाही. मी हात लगेच ओळखला.

"किती हाय, अक्का?" शिवकांतानं विचारलं.

रत्नम्मानं भिजलेल्या खडूवर बोट ठेवलं. "लई हाय," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसू लागली.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. तुमच्या गावातली विहीर बुजू देऊ नका. आणि सुट्टीला घरी गेलेली मैत्रीण परत आली नाही, तर तिच्या घरी जाऊन विचारा.