कंसाच्या कैदेतला रविवार

दवाखान्याचा ड्यूटीचा तक्ता कॉम्प्युटरवर उघडला की आधी एक सूचना यायची: ‘या फाईलला दुसऱ्या फाईली जोडलेल्या आहेत. ताजी माहिती आणू?’ चार वर्षं सगळे भक्तिभावाने ‘नको’ दाबत आले होते. कळत नाही त्याला हात जोडावेत आणि पुढे जावं, हीच तिथली साधना.

तक्ता काढणारीला सगळे तक्तेवालीच म्हणत. तिने आजही ‘नको’ दाबून मान वर केली, तर समोर वॉर्डातली मावशी, कमरेवर हात ठेवून.

“पुन्हा रविवारी मीच? थोरली बहीण वृद्धाश्रमात आहे गं, भेटू देतात ते फक्त रविवारी. आता ती माणसं विसरायला लागलीय. आणि मेट्रनबाईंना बरी दर रविवारी सुट्टी!”

“मी नाही हो देत, मावशी. आपोआप येतं.”

“आपोआप दूधसुद्धा उतू जात नाही. खाली कुणीतरी गॅस लावलेला असतो.”

मेट्रनबाईंना विचारलं, तर त्या गोड हसल्या. “अगं, यंत्राला कुठला आलाय आपपरभाव?”

यंत्राला नव्हताच म्हणा.

मग कॉम्प्युटरवाला आला. त्याने एक बटण दाबून सगळे दुवे तोडले आणि विजयी मुद्रेने उठला. सूचना गेली, मावशीचा रविवार मात्र जागचा हलला नाही. दुवा तुटला, पण त्याने आणलेला ‘ड्यूटी’ हा शब्द चौकटीत तसाच गोठला होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

“पण मुळात कुठून यायचं हे?” तक्तेवालीने त्याला दारात गाठलं.

“कालची प्रत असेल तर शोधा. बाहेरच्या फाईलचं नाव सूत्रात चौकटी कंसात असतं,” असं सांगून तो चहाला गेला.

“कंसात ना?” मावशी खुर्ची ओढून बसली. “मग कैदी आतच असणार. शोध!”

तक्तेवालीने कालची प्रत उघडली, शोधायच्या जागी नुसता कंस टाकला. दोनच चौकटी निघाल्या: मेट्रनबाईंचा रविवार आणि मावशीचा रविवार. दोन्हींच्या कंसात एकच फाईल: ‘मेहुणीसाठी_अंतिम’.

मेट्रनबाई जुन्या मोठ्या साहेबांच्या मेहुणी. साहेब तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांची कृपादृष्टी तेवढी सेवेत राहिली होती.

तक्तेवालीने नव्या तक्त्यात दोन्ही शब्द पुसले, हाताने मावशीला ‘सुट्टी’ आणि मेट्रनबाईंना ‘ड्यूटी’ लिहिली आणि कागद फळ्यावर लावला.

“हे कसं झालं?” मेट्रनबाईंचा आवाज चढला.

“आपोआप, बाई. यंत्राला कुठला आलाय आपपरभाव?”

सोमवारी मावशी आली ती थेट तक्तेवालीच्या टेबलाशी.

“ओळखलं का बहिणीने?”

“छे! म्हणाली, बाई, तुम्ही बऱ्या वाटता, दर रविवारी येत जाल का?” मावशीने पदराने डोळे टिपले. “मी हो म्हणून बसलेय. आता तू बघ.”