दौंडपर्यंतची चाकं

"हितं बघा." मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेवरून फिरवलेलं बोट बबनरावांनी मच्छिंद्रपुढे धरलं. ते काळं झालं होतं. "टायर हितं घासतंय. गाडी रिकामी असली की न्हाई. मागं माणूस बसलं की खड्ड्याखड्ड्याला खर्रकन वाजतं."

शिक्रापूरच्या चौकाजवळ मच्छिंद्रचं टायरचं दुकान होतं. तो खाली वाकला. "पंधरा इंची मॅगव्हील हायेत, आबा, शोभेची चाकं. वर टायर रुंद. ह्या गाडीची न्हाईत ही. कुणी बसवली?"

"आधीच्या मालकानं," संघर्ष म्हणाला. बबनरावांचा हा मुलगा सणसवाडीला कंपनीत कामाला होता. आईला पुण्याच्या दवाखान्यात न्यायला म्हणून चार महिन्यांपूर्वी त्यानं ही जुनी गाडी घेतली होती. "मूळची चाकं त्यानं कवाच विकली." मग खाली बघत तो पुटपुटला, "मी ह्या चाकांनाच भुललो, बाबा."

"तुला काय ठाऊक व्हतं," बबनराव म्हणाले.

अंजनाबाईंच्या पोटातला आजार आता हाडांत उतरला होता. उपचारांपुरत्या त्या शिक्रापूरला, संघर्षच्या भाड्याच्या खोलीत राहायला आल्या होत्या. सोमवारी डॉक्टरांनी बबनरावांना बाजूला घेऊन सांगितलं, आता इथं आणू नका, घरी न्या. घर दौंडला. त्या दिवशी पुण्याहून परतताना चाक घासलं की हादरा थेट अंजनाबाईंच्या कमरेत जात होता. वाघोलीपासून त्यांनी पदर दातांत धरला होता तो खोलीशी येईपर्यंत सोडला नव्हता. ॲम्ब्युलन्स बोलावतो म्हटलं तर त्या ऐकेनात. "तिच्यातून उतरले की गल्लीतल्या बाया आत्ताच रडाया लागतील. मी लेकाच्या गाडीतनंच जाईन."

म्हणून बबनराव आज इथे उभे होते. दौंडच्या रेल्वे यार्डात त्यांनी तेहतीस वर्षं डब्यांची चाकं तपासली होती. हातोडीचा ठोका मारायचा, कान द्यायचा, पुढच्या चाकाकडे जायचं. त्या वर्षांत हजारो माणसं त्यांच्या भरवशावर झोपून प्रवासाला गेली. मोटारीच्या चाकातलं मात्र त्यांना काही कळत नव्हतं आणि ते त्यांनी मच्छिंद्रला आल्याआल्याच सांगून टाकलं होतं.

मच्छिंद्रनं आधी चार चाकांचा चौदा इंची जोड काढला. नवा, चकचकीत. नट बसले, चाक फिरलं. "गाडी दिसंल बघा कशी," तो म्हणाला. बबनरावांनी संघर्षला स्टेअरिंग पूर्ण वळवायला सांगितलं. पुढचं चाक आतल्या बाजूला टेकलं.

"हे न्हाई चालायचं."

दुसरा जोड तेरा इंची होता. वळवून पाहिलं, आत कुठे लागत नव्हतं. पण चाक मडगार्डच्या थोडं बाहेर आलं होतं. मच्छिंद्र म्हणाला, "एवढ्यानं काय व्हत न्हाई, आबा. समदे असंच वापरत्यात."

"भरल्यावर बघू," बबनराव म्हणाले. "रिकाम्या डब्याची तपासणी खरी न्हवं."

"मागं किती जण बसणार?"

"माझी सून बसंल. तिच्या मांडीवर डोकं ठेवून मंडळी आडवी. मी पुढं, ह्यो गाडी चालवणार."

"वजन?"

सून करुणा, तिचं त्यांनी अंदाजानं सांगितलं, बावन्न असेल. मग थांबले. सोमवारी दवाखान्याच्या काट्यावर अंजनाबाईंना त्यांनी स्वतःच उभं केलं होतं. "छत्तीस," ते म्हणाले.

मच्छिंद्रनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. शेजारच्या दुकानातून कोंबड्यांच्या खाद्याचं एक पोतं उचलून आणलं. "हे चाळीसचं हाय. चार किलो जास्ती भरंल."

"असू द्या," बबनराव म्हणाले. "तिचं वाढलं तर?"

संघर्षनं तोंड फिरवलं.

मच्छिंद्र पोतं सीटवर उभं करू लागला तसे बबनराव पुढे झाले. "आडवं ठिवा. हळू." करुणाच्या जागी मच्छिंद्र स्वतः बसला. बबनरावांनी टायरच्या वरच्या कडेला सगळीकडून खडू फासला आणि ते पुढे बसले. चौकापलीकडच्या गतिरोधकावरून गाडी दोनदा नेली. आवाज काही आला नाही. परत येऊन त्यांनी वाकून पाहिलं, तर मडगार्डच्या कडेला खडूची पांढरी रेघ उमटली होती.

"लागतंय."

"आवाज तर न्हाई आला."

"तुम्हाला न्हाई आला. तिच्या हाडाला कळंल."

मच्छिंद्र आत गेला. मागच्या फळीवरून त्यानं तिसरा जोड आणला. राखाडी, साधा, कुणी उचलून घेतला नसता असा. चाक तेरा इंचीच, पण चांगलं आत बसणारं. टायर अरुंद आणि उंच. "ह्याला रबर जास्ती हाय. धक्का टायरच खाईल," तो म्हणाला. पुन्हा पोतं, पुन्हा खडू, पुन्हा गतिरोधक. बबनरावांनी चारही मडगार्डांच्या आतून रुमाल फिरवला. रुमालाला धूळ लागली, खडू लागला नाही. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून झालं. मग ते उठले, गुडघ्यांची माती झटकली आणि मच्छिंद्रचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. तळेगाव ढमढेरे गेलं, न्हावरा गेलं. रस्ता पावसानं उखडलेला होता. प्रत्येक खड्ड्याआधी बबनरावांचा श्वास अडायचा आणि खड्डा मागे पडला की सुटायचा. पारगावच्या पुलावर अंजनाबाईंनी डोळे उघडले. "अवो, आज वाजत न्हाई वो गाडी."

"न्हाई वाजायची. तू पड."

"भीमा आली का?"

"व्हय. पाणी हाय चांगलं."

करुणा त्यांच्या केसांतून हात फिरवत होती. चौफुल्याच्या पुढे तिनं बबनरावांच्या खांद्याला हळूच स्पर्श केला. त्यांनी वळून पाहिलं. अंजनाबाईंना झोप लागली होती. गेला महिनाभर गोळ्यांनीही न लागलेली झोप. तोंड किंचित उघडं, कपाळावरची आठी गेलेली.

दौंडला दारात गाडी थांबली तेव्हा अकरा वाजत आले होते. गल्लीतल्या बायका लगबगीनं पुढे आल्या. एकीनं "जय भीम, आबा," म्हणून गाडीच्या दाराला हात घातला. बबनरावांनी खाली उतरून ओठांवर बोट ठेवलं. बायका जिथल्या तिथे थांबल्या. संघर्षनं चारही काचा खाली केल्या. करुणा मांडी न हलवता तशीच बसून राहिली.

पुढे नऊ दिवसांनी अंजनाबाई गेल्या. त्या नऊ दिवसांत त्यांना अशी झोप पुन्हा लागली नाही. पण त्या सकाळी ते कुणालाच माहीत नव्हतं. गाडीच्या खिडकीतून ऊन आत आलं आणि अंजनाबाईंच्या गालापर्यंत पोचलं. बबनराव खिडकीला पाठ लावून उभे राहिले, त्यांची सावली अंजनाबाईंच्या चेहऱ्यावर पडली. कुणी घरातून खुर्ची आणली, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. ऊन सरकलं की तेही एक पाऊल सरकत होते.